बास्केटबॉलची अंतिम पैसेवारी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच हसलात की मला पुढचं सांगवत नाही. चौतीस वर्षं महसूल खात्यात काढली मी. तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो, आणि तेवढ्या वर्षांत माझा एकही पंचनामा कधी परत आला नाही. निवृत्तीनंतर मात्र एकच कागद भरला, तोही बास्केटबॉलचा, आणि त्या एका कागदानं माझी सगळी इभ्रत धुळीला मिळाली.

माझा आणि बास्केटबॉलचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. मलाही अजून नीटसं कळलेलं नाही.

झालं असं. आमचं घर पुंडलिकनगरात. वरच्या खोलीत शीतल नावाची पोरगी भाड्यानं राहते. गंगापूरकडची, कास्तकाराची लेक. उंची एवढी की जिन्यातला बल्ब ती स्टुलाशिवाय बदलते. ती आपल्या शहराच्या संघातून खेळते, आणि हौसेनं नाही बरं का, करारावर. हंगाम चांगला गेला तर पुढचा करार, नाहीतर पिशवी उचलायची आणि गंगापूरची जीप धरायची. त्या वर्षी तिचा संघ धडपडत शेवटच्या फेरीत पोचला. समोर पुण्याचा संघ होता आणि सामने इथंच होते.

लीगवाल्यांनी नवीन टूम काढली होती. प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीला तिघांनी शंभरपैकी गुण द्यायचे. एक जुने प्रशिक्षक, एक पत्रकार आणि एक निष्पक्ष नागरिक. तिघांची सरासरी सत्तरच्या वर, त्या पोरीचा करार पक्का, पण हे मला सगळं आटोपल्यावर कळलं. निष्पक्ष नागरिक म्हणून एक बँक मॅनेजर ठरले होते, त्यांचं ऐन वेळी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. म्हणून संयोजक सलीम सर माझ्या दारात. शीतल आमच्याकडं राहते, हे मी त्यांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, काका, तुमच्या इमानदारीवर आमचा भरवसा आहे, फक्त खेळ कळतो ना तेवढं सांगा.

आता खरं म्हणजे इथंच "नाही" म्हणायचं होतं. पण मी सरकारी अधिकारी. "मला कळत नाही" हे वाक्य आमच्या तोंडात बसत नाही हो. मी फक्त गंभीरपणे मान हलवली.

सलीम सरांनी नियमांची चार पानं हातात दिली. वर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, "कामगिरी मूल्यांकन". ते वाचलं आणि मी निर्धास्त झालो. पुढची पानं उघडलीच नाहीत. मूल्यांकन मला कुणी शिकवायचं?

तुमच्यापैकी ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांना पैसेवारी सांगायला हवी. नावात पैसे असले तरी तिचा पैशाशी संबंध नाही. गावातलं पीक कितपत आलं, त्याला शंभरपैकी आकडा द्यायचा, एवढंच. आकडा पन्नासच्या वर गेला की गाव सुखी, सरकार ढुंकूनही बघत नाही. पन्नासच्या आत आला की दुष्काळ जाहीर, सवलती सुरू, मदत सुरू. त्यामुळं सगळा मराठवाडा अधिकाऱ्याच्या मागं एकच मागणं घेऊन फिरतो, साहेब, पन्नासच्या आत बसवा. चौतीस वर्षं मी दुसरं काही ऐकलंच नाही. कुणाचं भलं करायचं तर त्याचा आकडा खाली आणायचा, हे माझ्या हाडीमांसी मुरलंय.

सामन्यांच्या आदल्या दिवशी शीतलचे वडील आले. किसनराव. एसटीनं आले, मोसंब्यांची पिशवी घेऊन. ओसरीत बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांची ती बसायची तऱ्हा बघूनच मला माझं जुनं ऑफिस आठवलं.

"साहेब, पोरीचा कागद तुमच्याकडं हाय म्हणं."

"व्हय, माझ्याकडंच आहे."

"मग जरा नजर असू द्या. लई राबलीय ती. करार गेला तर घरी आणावी लागंल, आन् एकदा घरी आली की भावकी तिचं लगीन लावल्याबिगर राहायची नाय."

मला भरून आलं. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "किसनराव, बिनघोर राहा. पन्नासच्या आत बसवतो."

त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आयुष्यभर ज्या एका वाक्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, ते वाक्य अधिकाऱ्यानं स्वतःहून म्हटलं होतं. ते माझ्या पाया पडायला लागले, मी त्यांना कसंबसं थांबवलं. आमची ही आतून मोसंबीचा रस घेऊन आली आणि म्हणाली, अहो, खेळातही तसंच असतं का? मी तिला म्हणालो, मूल्यांकन सगळीकडं सारखंच असतं. किसनरावांनीही तिच्याकडं बघून मान डोलावली.

पहिला सामना. मला वाटलं होतं दोन बाजू असतील, चेंडू असेल, आपण बघू. पण तिथं सगळाच गोंधळ. पाच जणी खेळतात म्हणेपर्यंत दोन बाहेर, तीन आत. घड्याळ चालू होतं, मध्येच थांबतं. एकदा चेंडू जाळीत गेला तर दोन गुण, तोच जरा लांबून टाकला तर तीन, आणि सगळ्यांनी शांत उभं राहून टाकू दिला तर एक! शिट्टी का वाजते हे तर वाजवणाऱ्यालाही माहीत नसावं. मी मान वळवून वळवून पार आंबून गेलो. आपला संघ हरला, एवढं फलकावरून कळलं.

कागद समोर आला. शीतलला मी एकोणपन्नास दिले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "वाढ उत्तम, परंतु चारही बाजूंनी प्रादुर्भाव." कारण चौघीजणी तिला सतत घेरून होत्या. पुण्याच्या संघात रिया नावाची एक धिप्पाड, तुकतुकीत पोरगी होती. तिला पंच्याण्णव दिले आणि लिहिलं, "बागायत. मदतीची आवश्यकता नाही."

एक दिवस सोडून पुन्हा बोलावणं आलं. जाऊन बघतो तर तेच दोन संघ! मी शेजारच्या पत्रकाराला विचारलं, हे परवा झालं ना? तो म्हणाला, काका, एकूण तीन सामने, मूल्यांकन तिन्ही वेळा, धरायचं मात्र शेवटचं.

तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, पैसेवारी तीनदाच होते! आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. आणि ग्राह्य धरतात ती अंतिमच. एवढा वेळ जो खेळ परका वाटत होता, तो एका क्षणात आपल्या खात्यातला झाला.

दुसऱ्या सामन्यात शीतल अशी खेळली की लोक उभे राहिले. आपला संघ जिंकला. तिचा गुडघा सोलवटला होता, तरी ती पळत होती. मला वाटलं, एवढी मेहनत करणाऱ्या पोरीला एकोणपन्नास म्हणजे अन्याय झाला. मी सुधारित आकडा अठ्ठेचाळीस केला.

तिसऱ्या सामन्यात तर तिनं कमालच केली. पट्टी बांधून खेळली, जवळजवळ निम्मे गुण एकटीनं केले. तरी आपण एका गुणानं हरलो. ती मैदानात बसकण मारून रडत होती. म्हटलं, आता हात आखडता घ्यायचा नाही. सरळ सेहेचाळीस लिहिले. खाली सही, तारीख. रियाला शहाण्णव.

दुसऱ्या दिवशी सकाळी समारंभ. किसनराव गावातली चार माणसं घेऊन पहिल्या रांगेत. मी त्यांच्या शेजारी. सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून रियाचं नाव पुकारलं. तिनं भाषणात माझे खास आभार मानले, म्हणाली, काकांनी मला सगळ्यात जास्त गुण दिले. मला तिची कीव आली. बिचारीला कुठली सवलत मिळणार नव्हती.

मग सलीम सरांनी सत्तरच्या वरच्या खेळाडूंची यादी वाचली. शीतलचं नाव त्यात नव्हतं. किसनरावांनी माझा हात दाबला आणि गावच्या माणसांना सांगितलं, बघा, साहेबांनी शब्द पाळला. आम्ही सहाही जणांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या त्या टाळ्यांकडं शीतल ज्या नजरेनं बघत होती, ती मला अजून विसरता येत नाही.

आम्ही दुसऱ्या यादीची वाट बघत बसलो. लोक उठले. हार-तुरे गोळा झाले. मांडववाल्यानं खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात केली.

"साहेब, खालची यादी कधी वाचणार?" किसनरावांनी विचारलं.

मी उठून सलीम सरांकडं गेलो आणि म्हणालो, सर, पन्नासच्या आतली यादी राहिली वाटतं.

त्यांनी हातातले कागद पुन्हा चाळले. "कौनसी यादी, काका? पन्नासच्या आत एकच आकडा आहे, शीतलचा, आणि तो तुम्हीच दिलाय. एकानं ब्याऐंशी दिले, एकानं ऐंशी, आणि तुम्ही सेहेचाळीस. थोडक्यात गेली बिचारी. ये क्या करे तुम?"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. मागं शीतल उभी होती.

"काका," ती म्हणाली, "मी एवढी वाईट खेळले?"

"नाही गं. तू फार चांगली खेळलीस, म्हणून तर कमी दिले."

मांडववाला उचलून नेत असलेल्या एका खुर्चीवर सलीम सर मध्येच बसले. मी त्यांना पैसेवारी समजावून सांगितली. नजरअंदाज सांगितली, सुधारित सांगितली, दुष्काळ सांगितला. किसनराव प्रत्येक वाक्याला "बराबर हाय" म्हणून साक्ष देत होते, त्यामुळं सलीम सरांना वाटलं, आपल्यालाच काहीतरी कळत नाहीये.

शेवटी शीतलच हसली. आधी डोळे पुसत, मग पोट धरून. माझा जीव थोडा भांड्यात पडला.

त्या न वाचलेल्या चार पानांत एक वाट होती. मूल्यांकन करणाऱ्याला खेळ कळत नाही असं त्यानं स्वतः लेखी दिलं, तर त्याचा कागद रद्द होतो आणि उरलेल्या दोघांची सरासरी धरतात. चौतीस वर्षांत मी भल्याभल्यांकडून लेखी घेतलं होतं, स्वतः कधी दिलं नव्हतं. पण लिहिलं: "मी खाली सही करणार लिहून देतो की, मला बास्केटबॉल या खेळातलं ओ की ठो कळत नाही. सदर जबाब मी राजीखुशीनं, कोणत्याही दबावाशिवाय देत आहे." साक्षीदार म्हणून किसनरावांनी सही केली. ब्याऐंशी आणि ऐंशी, सरासरी एक्याऐंशी. शीतलचा करार पक्का झाला. रियाचं बक्षीस तेवढं फिरवता आलं नाही, ते तिच्याबरोबर पुण्याच्या बसमध्ये बसून निघून गेलं होतं.

आठवड्यानं लीगकडून माझ्या नावानं एक पाकीट आलं. मला कल्पनाच नव्हती, मूल्यांकन करणाऱ्यांचंही मूल्यांकन होतं म्हणे. किसनराव नेमके त्याच दिवशी पुन्हा मोसंबी घेऊन आलेले, ओसरीत बसले होते. मी चष्मा लावला, कागद उघडला आणि पुन्हा मिटला.

"काय आलं, साहेब?"

"शंभरपैकी अकरा," मी म्हणालो.

किसनराव जवळ सरकले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "अकरा म्हंजी लईच आत हाय की. साहेब, अर्ज तेवढा करून ठेवा, मदत मिळंलच."