गॅलरीतली दुसरी खुर्ची

मंडळी, आज कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे कुणी आलं. खरं सांगायचं तर माझ्याकडे नाही, धुळीकडे.

सायखेड्याची मुलगी, इथल्या कॉलेजात शिकते. रस्त्याच्या धुळीत कोणते धातू आहेत ते तपासायला घरोघरी नमुने गोळा करतेय. आमची गॅलरी सातपूरच्या, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतल्या, भर रस्त्यावर.

आणि मी काय करावं? कुणी येणार असा आदल्या दिवशी फोन आला म्हणून पहाटे उठून सगळं घर लख्ख पुसून काढलं!

"अहो काकू, पुसायचं नव्हतं ना!" तिचा चेहराच पडला.

मग तिला कपड्यांच्या स्टँडमागची दुसरी खुर्ची दिसली. मी रोज माझी तेवढी पुसते, ही लक्षातच राहिली नव्हती.

"हिच्यावर लय दिवस कुणी बसलं नाय ना? मग बेस्टच!" तिने ब्रशने धूळ अलगद पुडीत भरली.

म्हणाली, गाड्यांचे ब्रेक, टायर, कारखाने, सगळीकडून शिसं, क्रोमियम येतं. दिसत नाही, पण श्वासातून, हाताला लागून तोंडावाटे शरीरात जातं. कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

"घरात लहान मुलं?"

"नाहीत गं कुणी."

"मग बरंय. त्यांनाच जास्त धोका."

चहा टाकते म्हटलं, तर तिला अजून चार घरं करायची होती.

ती गेल्यावर दुसरी खुर्ची ओल्या फडक्याने पुसली आणि माझ्या खुर्चीशेजारी मांडली.

तुमच्या घरात सगळ्यात जास्त धूळ कुठे साठते? तिथे शेवटचं कोण बसलं होतं?