जेवणाच्या टेबलावरचा वड

इंग्लंडात एवढी रानं आहेत, पण माझ्या आईच्या वाट्याला नेमकं तेच यावं! आणि तेही खोक्यातलं.

२०२०च्या फेब्रुवारीत आई माझ्याकडे आयर्लंडला, डब्लिनजवळच्या सिटीवेस्टला तीन महिन्यांसाठी आली. बाबा पुण्यातच राहिले. त्यांना थंडी सोसत नाही आणि दुसऱ्याच्या घरचा चहा आवडत नाही. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि नवरा-बायको दोन देशांत अडकले. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघते, ते आता घरूनच सुरू होतं. घर म्हणजे एक झोपायची खोली आणि एक मोठी खोली. मोठ्या खोलीत ओटा, सोफा, जेवणाचं टेबल, माझा लॅपटॉप आणि आई.

शेजारच्या आयरिश आजींना आईची दया आली असावी. एका सकाळी त्यांनी दाराशी जिगसॉ पझलचं खोकं आणून ठेवलं. चित्र इंग्लंडमधल्या कुठल्याशा जुन्या रानाचं होतं. मधोमध अवाढव्य झाड, फांद्या अगदी जमिनीला टेकलेल्या. खोक्यावर ठळक अक्षरांत रानाचं नाव होतं, ‘ककोल्ड्स वूड’. शब्द मला माहीत नव्हता. असेल कुणा जमीनदाराचं आडनाव, म्हणून मी सोडून दिलं. आई मात्र त्या रानात पार शिरली. सकाळचा चहा झाला की चष्मा पुसून टेबलाशी बसायची. आम्ही दोघी सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवायला लागलो, कारण टेबलावर रान उगवलं होतं.

जूनमध्ये वटपौर्णिमा आली. खरं तर पुण्यात आईचं हे व्रत म्हणजे सोसायटीच्या फाटकाजवळचा वड आणि दहा मिनिटांचं काम. कधी कधी तर ती चप्पल घालूनच फेऱ्या मारते की काय, अशी मला शंका यायची. पण या वेळी ती आदल्या दिवसापासूनच कामाला लागली होती. बोलतही कमी होती. झोपायच्या खोलीचं दार लोटून बाबांशी फोनवर हळू आवाजात काहीतरी चालायचं. मी विचारलं की म्हणायची, “काही नाही गं, गॅसवाल्याचं.”

“आई, इथे कुठून आणायचा वड? पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी आहे, आणि गेलो तरी वड काय आयर्लंडमध्ये उगवतो?”

“बायका पाटावर चित्र काढून पुजतात. मी तर तुकडा तुकडा जोडून उभा केलाय,” ती म्हणाली. “सुताचं काय ते बघ.”

सुई-दोऱ्याची दुकानं बंद होती. शेवटी मीच वैतागून बाथरूममधला दात साफ करायचा दोरा तिच्या हातात दिला. पांढरा होता, लांब होता, फक्त त्याला पुदिन्याचा वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मीटिंग सुरू होती. बॉस इंग्लंडमधून, एक सहकारी लिमरिकहून, बाकीचे डब्लिनमधले. माझ्या मागे काय चाललंय याकडे माझं लक्ष नव्हतं. बॉसच बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, “तुझी आई बरी आहे ना?”

मी मागे वळून पाहिलं. आई जरीची साडी नेसून, नाकात नथ घालून टेबलाभोवती फिरत होती आणि टेबलाच्या पायांना दोरा गुंडाळत होती. पझल आडवं पडलेलं, म्हणून दर्शनासाठी तिनं खोक्याचं झाकण भिंतीला टेकवून उभं केलं होतं. त्यावर हळदीकुंकू, समोर वाटीत डब्यातला आमरस. सगळं अगदी कॅमेऱ्याच्या मधोमध.

“ती व्यायाम करतेय,” मी म्हटलं.

“फेअर प्ले टू हर!” कुणीतरी शाबासकी दिली. मग लिमरिकवाल्याने झाकणावरचं नाव वाचलं आणि तो हसायलाच लागला. “तुझ्या आईला माहितीय का गं, हे कुणाचं रान आहे ते?” बॉसने तर डोळे पुसले. आमच्याकडे रानांना असली नावं असतातच, म्हणाला, आणि भल्या माणसासारखा अर्थही समजावून सांगितला. ज्याची बायको दुसऱ्याबरोबर जाते, त्या नवऱ्याला ककोल्ड म्हणतात. म्हणजे माझी आई नथ घालून, उपाशीपोटी, फसवल्या गेलेल्या नवऱ्याच्या रानात सात जन्म हाच पती मागत होती!

सगळे हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण त्यांच्यात आपण वेगळे दिसू नये म्हणून मी सगळ्यांत मोठ्याने हसले. आवाज ऐकून आई थांबली, हातातला दोरा न सोडता तिनं कॅमेऱ्याला नमस्कार केला आणि मला विचारलं, “काय म्हणतायत?”

“छान म्हणतायत.”

ती खूश होऊन पुढच्या फेरीला लागली. मी कॅमेरा बंद केला.

पूजेचा फोटो तिनं बाबांना पाठवला होता. झाकणावरचं नाव त्यात स्पष्ट दिसत होतं. बाबा कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. संध्याकाळी त्यांचा फोन आला तो मीच उचलला.

“रानाचं नाव वाचलंस का गं?”

“आजच कळलं, बाबा. तेही सगळ्या टीमसमोर.”

बाबा हसायला लागले. हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबेचना.

“बाबा, हा खोकला कधीपासून?”

“म्हणजे तिनं सांगितलं नाही तर. ताप आहे थोडा. स्वॅब दिलाय, रिपोर्ट यायचाय. तुला कामात टेन्शन नको म्हणून आमचं ठरलं होतं. फोन दे तिला. आणि नावाचं तू काही बोलू नकोस, मी बघतो.”

आई फोन घेऊन आत गेली. मी टेबलाशी उभी राहिले. पायांना गुंडाळलेल्या दोऱ्याचा पुदिन्याचा वास खोलीभर येत होता. पुण्यात तेव्हा दिवसरात्र रुग्णवाहिका धावत होत्या, बाबा एकटे तापाने पडले होते, आणि आईच्या हातात करण्यासारखं एवढंच होतं. त्याला मी व्यायाम म्हटलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की आई बाहेर आली तेव्हा मी उगाच धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला, निगेटिव्ह. आईने लगेच शिरा करायला घेतला. मी दोरा सोडायला लागले, तर तिनं अडवलं.

“राहू दे आज. अगं, तुला त्या रानाच्या नावाचा अर्थ माहितीय का? तुझ्या बाबांनी सांगितला. नवऱ्याच्या प्राणासाठी झगडलेली कुणीतरी बाई होती म्हणे, तिचं रान. त्यांच्याकडची सावित्रीच म्हण ना! फोटो बघून म्हणाले, इतक्या लांब जाऊनही बरोब्बर झाड शोधलंस.”

“हो?” मी म्हटलं.

“मग त्या दिवशी ते तुझ्या ऑफिसातले हसत कशाला होते?”

“त्यांना अर्थ माहीत नसेल.”

“असेल,” आई म्हणाली. शिऱ्यावर तूप सोडून तिनं झाकण ठेवलं, गॅस बारीक केला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “पण तू का हसत होतीस गं?”