नलूच्या घरची बोली

"मावशी, आई नाही राहिली…" नलूच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी वाटाणे सोलत होते. पुढे तो सांगत राहिला, मी नुसतं हं-हं करत राहिले. त्यालाही आता महिना होऊन गेला.

मध्यप्रदेश नवा-नवा झाला होता, तेव्हापासूनची आमची मैत्री. इंदूरच्या मराठी शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. नलू आमच्याकडे रोज यायची, आईकडे हक्काने थालीपीठ मागायची. पण मल्हारगंजातल्या आपल्या घरी तिने मला कधी नेलं नाही. "चल ना आज तुझ्याकडे," म्हटलं की तिच्याकडे रंगकाम चाललेलं असायचं, नाहीतर पाहुणे आलेले असायचे. एकदा ती तापाने पडली, तेव्हा मी विचारत विचारत जाऊन धडकलेच. दार तिच्या आईने उघडलं. घागरा आणि वर ओढणीसारखं लुगडं घेतलेली हसरी बाई. मला आत बसवलं, गरम बाफला, आधी उकडून मग भाजलेला कणकेचा गोळा, कुस्करून, तूप-साखर घालून समोर ठेवला, केसांवरून हात फिरवला. पण तोंडातून एक शब्द नाही. अंथरुणातून नलू त्यांच्याकडे टक लावून बघत होती. घरी येऊन मी माझ्या आईला सांगितलं, "नलूची आई मुकी आहे गं." नलूला वाईट वाटेल म्हणून तो विषय मी पुन्हा काढला नाही.

कळलं ते तिच्या लग्नात. बायकांच्या मधोमध बसून त्याच बाई खणखणीत आवाजात मालवी, म्हणजे इंदूरकडच्या खेड्यांतल्या बोलीतली, गाणी म्हणत होत्या… मी नलूकडे बघितलं. तिने मान खाली घातली. "मीच सांगितलं होतं तिला," म्हणाली. तिच्या आईचं माहेर गौतमपुऱ्याकडचं. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे शेती करणारी, नावापुरती मराठी उरलेली माणसं. नलूच्या आधीच्या शाळेतल्या कार्यक्रमाला आई आली, चार शब्द मालवीत बोलली, आणि तिथल्या मुली कितीतरी दिवस तिची नक्कल करत राहिल्या. "तेव्हा मी म्हटलं, माझ्या मैत्रिणींसमोर तोंड उघडू नकोस. तिने ऐकलं गं. मग हळूहळू माझ्याशीपण बोलेना… कोण कधी दारात येईल, काय भरोसा."

तिची आई गेल्यावर, आईच्या माहेराजवळच्या देपालपूरहून भाजी आणणाऱ्या बायकांशी नलू मालवीत बोलत बसायची, भाजी राहायची बाजूलाच. "आईशी बोलायचं राहिलेलं यांना ऐकवते," एकदा म्हणाली. मी म्हटलं, "जाऊ दे यार, लहान होतीस." ती भाजी पिशवीत भरू लागली. तेव्हा तिला आणखी बोलू द्यायला हवं होतं, असं आता वाटतं…

परवा तिच्या घरी गेले. दार छोट्या नातीने उघडलं. "आवो नी, भितर आवो, बेठो," ती ठसक्यात म्हणाली. मागून सून आली. "आईंनीच शिकवलंय. घरी कुणीही आलं की आधी हिलाच पुढे करायच्या."

मला मालवीतच उत्तर द्यायचं होतं. इतक्या वर्षांत मी त्यातलं एक वाक्यही शिकले नव्हते. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.