कडेच्या चांदण्या

वाटूरच्या आमच्या गल्लीत आबारावांना कुणी 'वायरमन' म्हणत नाही, 'चांदणीवाले' म्हणतात. नाव मीच ठेवलं. उभी नोकरी विजेच्या खांबांवर गेली, निवृत्त झाले तरी मान काही खाली येईना. शेवटी दुर्बीण आणली. तिला मागून कॅमेरा जोडायचा आणि गच्चीवरून चांदण्यांचे फोटो काढायचे. "भाऊ, आज वर कुनाची लाईट गेली?" असं मी भिंतीवरून विचारलं नाही, तर त्यांना चहा गोड लागायचा नाही.

पण ह्या माघात माणूस एकाएकी गप्प झाला. स्कूटर बंद, चौकात जाणं बंद. त्यांची बायको, गोपिकावहिनी, माझ्यापाशी येऊन रडली, पण कारण तिलाही ठाऊक नव्हतं. ते मागाहून कळलं. कृत्तिकांच्या फोटोत मधल्या चांदण्या तिळासारख्या टिपलेल्या, पण कडेच्या सगळ्या लांबट, शेपूट फुटल्यासारख्या. फोकसचा नॉब मागेपुढे फिरवून आबाराव थकले. त्यांच्या थोरल्या भावाची नजर काचबिंदूनं गेलेली, तीही कडेकडूनच. फोटो वहिनींना दाखवला, तर त्या म्हणाल्या, "छान आलाय की, सगळ्या गोल!"

झालं! आबारावांच्या मनानं घेतलं, हिला गोल दिसतात, मला लांबट. म्हणजे भावाचं दुखणं मला लागलं. डॉक्टरकडे जायची छाती होईना. दुर्बीण घनसावंगीच्या भाच्याला देऊन टाकायची म्हणून पेटीत भरायला घेतली.

त्या दुपारी मी मुद्दाम चहाला गेले. वहिनींनी बशीत तिखट-मिठाच्या पुऱ्या ठेवल्या. एकीसारखी दुसरी!

"वहिनी, हाताला साचा फुटला का तुमच्या?"

"न्हाई हो उषाबाई, गच्चीवर ही कडी घावली. बरनीच्या झाकनाची असंल. बराबर गोल कापती."

काळी, हलकी, दोन्हीकडे आटे पाडलेली. असली बरणी निदान आमच्या गल्लीत तरी नाही. मी ती पिठासकट आबारावांपुढे धरली. "भाऊ, ही तुमच्या तोफेची तर न्हाई?"

त्यांनी कडी हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. दुर्बीण आणि कॅमेरा यांच्यात नेमकं अंतर राखायची ती कडी! धूळ पुसायला गच्चीवर सगळं खोललं होतं. जोडताना ही राहिली. पण आटे सारखेच, त्यामुळं तिच्यावाचूनही कॅमेरा घट्ट बसला आणि शंका आली नाही. अंतर कमी पडलं की मध्य साफ येतो, कडा ओढल्या जातात.

"म्हंजी माझे डोळे..."

"डोळ्याचं काई न्हाई भाऊ, पुऱ्यांनी घात केला!"

ब्रशनं आट्यातलं पीठ काढलं. दिवेलागणीनंतर फोटो घेतला. कडेची चांदणीसुद्धा मोहरीसारखी गोल! आबारावांनी एक पुरी तोंडात टाकली आणि मग बायकोकडे वळले.

"मंग तू आधीच गोल कशी म्हनून राह्यली व्हतीस?"

"मला कुठं काय दिसतं? तुमी काढला म्हनून चांगला म्हनले."

भीती गेल्यावर पाय हलके झाले. दुसऱ्याच दिवशी दोघं जालन्याला डोळे तपासून आले. आबारावांची नजर बिलकुल ठणठणीत निघाली. चष्मा लागला तो वहिनींना. तो नाकावर चढवून त्यांनी जुना फोटो हातात घेतला आणि किंचाळल्या,

"अगं बया, ह्या तर लांबट हायेत की!"