क्वेसीच्या घरचं सुतक

क्वेसी मेन्सा मूळचा घानाच्या किनाऱ्यावरचा, मासेमारांच्या घरातला. कपड्यांचा व्यापार करायला वाशीला आला. व्यापार बुडाला, पण शेजारच्या दुकानात कामाला असलेली किशोरी भेटली. ती अलिबागजवळच्या एका कोळीवाड्यातली. लग्न करून दोघं तिच्या बापाच्या रिकाम्या घरात राहायला आली, त्याला आता दहाबारा वर्षं झाली. क्वेसी हे नाव काही वाडीच्या तोंडात बसेना, तेव्हा आठवडाभरात त्याचा केशव झाला. त्यानेही फार ताणून धरलं नाही.

त्याचं काम बर्फाचं. होड्या सुटायच्या आधी लाद्या फोडायच्या आणि टोपल्यांनी बर्फ होडीत भरायचा. मराठी तो वाडीचंच बोलतो, शिव्यांसकट. तरी शनिवार-रविवारी मांडव्याला उतरून आलेले पाहुणे त्याला गाठतात आणि इंग्रजीत विचारतात, तुमचा होमस्टे कुठला? त्यांचीही काय चूक म्हणा. वाडीतली अर्धी घरं आता होमस्टेच झालीत. जिथे बोंबील वाळायचे तिथे झोपाळे टांगलेत, आणि वास येतो म्हणून तक्रारही तेच पाहुणे करतात.

वाडीची एक रीत आहे. वाडीतल्या माणसाच्या घरचं कुणी कुठेही वारलं की त्या दिवशी एकही होडी पाण्यात जात नाही, मग मासळी दारात येऊन नाचो. दोन वर्षांपूर्वी बंगलेवाले शेठ गेले. पंधरा वर्षं इथे राहत होते, देवळाला घंटाही त्यांनीच दिलेली. त्या दिवशी होड्या गेल्या. वाडीचे म्होरके शिवदासकाका बंदरावर उभे राहून म्हणाले होते, "मानूस लाखाचा, पर वाडीचा न्हाय." क्वेसी तेव्हा शेजारीच बर्फ फोडत होता.

ते वाक्य त्याला कुसळासारखं रुतून बसलं. आपण मेलो तर? एकदा जेवताना त्याने किशोरीला विचारलंच. तिने आमटी वाढता वाढता सांगितलं, "मरून बघ, म्हंजे कळंल."

यंदा मार्गशीर्षात एका संध्याकाळी भावाचा फोन आला. आई गेली होती. लगेच निघायचं म्हटलं तरी जमणार नव्हतं. क्वेसीने फोन ठेवला आणि हातपाय धुतले. रडू आलं नाही. किशोरीला एवढंच म्हणाला, कुणाला सांगू नकोस. त्याच्या मनात भीती होती ती ही की वाडीला कळेल आणि तरीही होड्या जातील. न कळता गेल्या तर निदान तो वाडीचा निकाल ठरणार नव्हता.

किशोरीने कुणालाच सांगितलं नाही, फक्त शेजारच्या नीराआत्याला सांगितलं. नीराबाईला सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं, हे किशोरीला जन्मापासून ठाऊक होतं.

पहाटे भरतीच्या वेळेला क्वेसी नेहमीसारखा बंदरावर गेला. आपण नाही गेलो तर होड्या बर्फाविना अडतील, हा त्याचा हिशेब. लादी ओढून त्याने फोडायला घेतली. पहिला घाव घातला तोच मागून शिवदासकाका ओरडले.

"अरे ए केशव! सोड ती लादी! कुनी बोलावला तुला?"

"बर्फ भरायचा हाय ना, काका."

"कुनासाठी? बघ तरी वर मान करून!"

क्वेसीने पाहिलं. भरती पुरी चढली होती आणि सगळ्या होड्या दोरांना बांधलेल्या होत्या. एकीवरही माणूस नव्हता. धक्क्यावर तरणा निकेश तोंड पाडून बसला होता. काल खाडीच्या तोंडाशी कोळंबीचा थवा दिसलेला, आणि आज हे. "तुझ्या आईला चार दिस थांबता नसतं आलं काय?" तो कुरकुरला.

"तू गप रं," शिवदासकाका त्याच्यावर खेकसले आणि पुन्हा क्वेसीकडे वळले. "घरात सुतक आनि हा बर्फाला हात लावतो! इतकी वर्सं वाडीत राहतोस, येवढी रीत कळत न्हाय? जा घरी. दहा दिस इकडं फिरकू नको."

इतका अपमान आणि इतका सन्मान एका दमात कुणी कुणाचा केला नसेल. क्वेसीने लादी तशीच सोडली आणि तो घरी निघाला.

घरी चूल थंड होती. नीराबाई पिठलं-भात झाकून ठेवून गेली होती. क्वेसी उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा मोठमोठ्याने रडू लागला. किशोरी धावत आली. आता कुठे आईसाठी बांध फुटला असं तिला वाटलं, ती पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आईची आठवन आली?"

त्याने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते तिला कळलं नाही. मग हुंदका आवरत तो म्हणाला, "एकबी होडी गेली न्हाय, किशोरी."