आमच्या लायनीची सुट्टी

गिऱ्हाईक नसलं की दुकानदार समोरच्या रस्त्याकडे बघत बसतो, आणि रस्ता रोज काही ना काही देऊन जातो. माझ्याकडे किस्से साठले ते असे. उमरखेडला बस स्टँडच्या मागं आमची चार दुकानांची लाईन होती. माझं चष्म्याचं, शेजारी रहीमभाईंचं मोटर रिवाइंडिंगचं, मग शोभाताईंचं ब्लाऊज आणि पिको-फॉलचं, आणि टोकाला मधुकररावांचं कृषी केंद्र.

कापसाची ती दोन-तीन वाईट वर्षं होती. आमच्याकडे कापूस बसला की सगळा बाजारच बसतो. चष्म्याची काच तडकली तरी माणूस ती तशीच वापरतो. दुपारी रस्ता असा सुनसान व्हायचा की जागेपणी स्वप्न पडावं. गंमत म्हणजे गिऱ्हाईक जितकं कमी येई, तितका जास्त वेळ आम्ही दुकान उघडं ठेवत होतो. आपण शटर ओढलं आणि नेमकं तेव्हाच कोणी आलं तर? चौघांनाही तीच भीती. त्यामुळं रविवार नाही, सण नाही.

*

रहीमभाई म्हणजे पंपाची जळालेली मोटर खोलून तिच्यात तांब्याची तार नव्यानं भरणारा माणूस. अठरा वर्षांत त्यांचं शटर दिवसभर बंद असलेलं कोणी पाहिलं नव्हतं. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी मला वाटलं, आज तरी बंद असेल. सकाळी पाहतो तर नवा पांढरा कुर्ता घालून हे दुकानात.

"एकच मोटर हाय भाऊ," म्हणाले. "निकाह तर दुपारी हाय ना."

दुपारी निकाह झाला, फोटोची वेळ आली आणि बाप गायब. मोटरवाला शेतकरी थेट मांडवात येऊन उभा राहिला होता आणि रहीमभाई त्याच्याबरोबर दुकानावर गेले होते. अर्ध्या तासानं आले. अल्बममध्ये तो फोटो आहे. मधोमध नवरा-नवरी, कडेला रहीमभाई, डोक्यावर रुमाल आणि पांढऱ्या कुर्त्यावर मोटरच्या वार्निशचा मोठा डाग.

मुलगी आजही अल्बम दाखवताना त्या फोटोवर बोट ठेवते आणि सांगते, "हे अब्बा. आलते थोडा वेळ."

*

शोभाताई एकट्या बाईमाणूस घर चालवत होत्या. सकाळी मशीनवर बसल्या की दिवे लागेपर्यंत उठत नसत. त्यांच्या मशीनचा आवाज आम्हाला इतका सवयीचा झाला होता की तो थांबला तरच कान टवकारायचे.

एकदा एक बाई शिवून नेलेला ब्लाऊज घेऊन परत आली. भांडायला नाही, विचारायलाच आली होती.

"ताई, हात कुठून घालू?"

दोन्ही बाह्या टोकाशी शिवून बंद केलेल्या. शोभाताईंनी ब्लाऊज उलटासुलटा करून पाहिला. टाके एकदम सरळ, एकसारखे.

"हे मी शिवलं?" त्यांनी विचारलं. मग आम्हाला म्हणाल्या, "काल दुपारी डोळा लागलता मले. सपनात माहेरचा झोका होता. पायानं झोका देत होती मी. तो पाय मशीनवर चालला असंल."

*

तिसरा किस्सा माझाच आहे, आणि तो सांगताना मला अजून जड जातं.

एका दुपारी माझी बायको, सुनंदा, दुकानात आली आणि गिऱ्हाईकाच्या खुर्चीवर बसली. मी विचारलं, "घरी काही झालं का?"

"डोळे तपासाचे आहेत," ती म्हणाली.

मला गंमत वाटली. तिला अक्षरांच्या बोर्डाकडे बघायला सांगितलं. वरची दोन मोठी अक्षरं तिनं वाचली आणि थांबली. खालच्या ओळी तिला दिसतच नव्हत्या. गावभरच्या लोकांचे नंबर काढणारा मी, माझा हात भिंगांच्या पेटीवरच राहिला.

"कधीपासून असं?"

"तीन वर्षं झाली असतील."

"मग सांगितलं काहून नाही?"

ती बोर्डाकडेच बघत होती. "तुम्ही घरी येता तेव्हा अंधार पडलेला असते," ती म्हणाली. "तुम्हीही नीट दिसत नाही. मले वाटलं, अंधारामुळंच असंल."

*

त्याच संध्याकाळी मी तिघांना चहाला बोलावलं आणि सांगितलं, आठवड्यातून एक दिवस चारही दुकानं बंद ठेवू. सोमवार.

रहीमभाईंनी कप खाली ठेवला. "अन् कोणी आलं तर?"

"मंगळवारी येईल."

"नाही आलं तर?"

शोभाताईंनी रिकाम्या रस्त्याकडे मान वळवली आणि म्हणाल्या, "रहीमभाई, आता तरी कोण येऊन राह्यलं?"

त्यावर ठरलं. फक्त मधुकरराव तयार झाले नाहीत. "तुमची गोष्ट वेगळी, माझी वेगळी," एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

*

पहिल्या सोमवारी सकाळी दहाच्या आत गावात बातमी पसरली की रहीमभाईंचं शटर बंद आहे. अकरा वाजता त्यांच्या गल्लीत माणसं जमू लागली. पांढऱ्या टोप्या, खाली घातलेल्या माना. कोणीतरी शेजारून खुर्च्या आणून मांडल्या. एकजण हळू आवाजात विचारत होता, दफन कधी आहे.

दार उघडलं आणि लुंगीवर, हातात कपबशी घेऊन, खुद्द रहीमभाई बाहेर आले. शेवटी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं धीर केला. "रहीमभाई, कोण गेलं?"

"कोणीच नाही. आज सुट्टी हाय."

म्हातारा खुर्चीवर बसला. रहीमभाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "सुट्टी? तब्येत तर बरी हाय ना?"

आलेल्या माणसांना तसंच पाठवायचं कसं? नंतर भाभी सुनंदाला म्हणाल्या, "इनकी छुट्टी का पहला दिन था, और मैंने दिनभर चाय बनाई."

*

दुसऱ्या सोमवारी जीप करून आम्ही घरच्यांसकट सहस्रकुंडला गेलो. पैनगंगा तिथं काळ्या खडकावरून खाली पडते. पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते, पाणी भरपूर होतं.

सुनंदाच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता. वाटेत ती गावांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. एका कडुलिंबाखाली जीप थांबली तेव्हा ती वर बघतच राहिली. "अहो, पानं वेगळी वेगळी दिसतात," ती म्हणाली. "मले इतके दिवस सगळा एकच हिरवा ढीग दिसत होता."

शोभाताई झाडाखाली चादर टाकून आडव्या झाल्या आणि चार तास झोपल्या. जेवणालाही आम्ही त्यांना उठवलं नाही. उठल्या तेव्हा आधी स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि विचारलं, "काही शिवलं तर नाही ना मी?"

रहीमभाई मात्र धबधब्यासमोर डोळे मिटून बसले होते. अंगावर तुषार येत होते, तरी हलत नव्हते. मी शेजारी जाऊन बसलो. डोळे उघडून ते म्हणाले, "अठरा वर्षं लोकांचं पाणी वर चढवत राह्यलो भाऊ. बिना मोटरचं पाणी आज पाह्यलं."

*

आता मधुकररावांचं सांगतो.

कपाशीचं बियाणं विकणारा हा माणूस. त्या वर्षांत आमच्याकडे कोणी नुसतं 'गुलाबी' म्हणालं तरी त्याचा अर्थ एकच, बोंडअळी. लोक किडकी बोंडं घेऊन त्यांच्या काउंटरवर यायचे, तिथंच फोडायचे आणि आतली अळी दाखवायचे. मधुकरराव बघायचे, आणि काउंटर पुसायचे. सुट्टी का घेत नाही, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. "मी दुकान बंद केलं तर लोक म्हणतील, पळाला."

पोळ्यानंतर महिनाभरानं एका सोमवारी त्यांचंही शटर बंद दिसलं. घरी विचारलं तर वहिनी दारातच उभ्या होत्या. उजाडायच्या आत काही न सांगता गेले होते, फोन घरीच ठेवून. मी आणि रहीमभाई स्कूटरवर निघालो. वाटेत लागेल त्या विहिरीपाशी थांबून आत वाकून पाहत होतो. दोघांच्या मनात जे होतं, ते ओठांवर आणायचं नव्हतं.

दुपार उलटल्यावर एका शेतकऱ्यानं हात करून थांबवलं. म्हणाला, "मधुकरराव ना? माझ्या वावरात बसून आहेत. सकाळपासून."

कपाशीच्या दोन ओळींच्या मधे, पोत्याची घडी करून, मधुकरराव बसले होते. समोर एक झाड.

"मधुकरराव, काय करून राह्यले इथं?"

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि बसायची खूण केली. आम्ही मातीतच बसलो.

"पंचवीस वर्षं बी विकलं," ते हळूच म्हणाले. "फूल उमलताना कधी पाह्यलं नव्हतं. आलो तेव्हा हे मिटलेलं होतं. मग उघडलं, दुधासारखं. आता पाहा, कडेनं रंग बदलून राह्यला."

पाकळीच्या काठावर खरंच गुलाबी रंग चढत होता. वारा आला की सगळं वावर हलायचं, आणि ते फूलही. ऊन कलेपर्यंत आम्ही तिघं तसेच बसलो. मग त्यांना घरी आणून सोडलं.

मंगळवारी सकाळी मी दुकान उघडायला गेलो तर त्यांचं शटर पुन्हा बंद. त्यावर वहीचा कागद चिकटवलेला होता:

'आज दुकान बंद आहे. कालचं फूल पूर्ण गुलाबी झालं का, ते पाहायला गेलो आहे.'

कागदासमोर एक शेतकरी उभा होता. काउंटरवर फोडायला आणलेलं बोंड त्याच्या हातात होतं. त्यानं तो कागद दोनदा वाचला, बोंड खिशात टाकलं, मला विचारलं, "कोणाच्या वावरात?" आणि मी सांगितलं त्या रस्त्यानं चालू लागला.