आर्डिसचे रिकामे भांडे

आमच्या मिनेसोटातल्या गावात कुणी वारले, की दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण असते. घरोघरून ओव्हनमध्ये भाजलेल्या खिमा-बटाट्याची काचेची भांडी येतात. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचे नाव. पुढच्या रविवारी भांडे धुऊन परत मिळते. त्यातले सगळे संपले, हाच तिचा मान.

आर्डिस टॉलेफसन तीस वर्षे भांडे आणत आली. ती एकटी राहायची, उन्हाळ्यातही बापाचा लोकरी कोट घालायची. कावळे कोणत्या तारेवर बसले यावरून फोन कुणाचा येणार ते कळते, असे सांगायची. सांगता सांगता वाक्य आडवाटेला लागायचे. भांडे ओट्यावर ठेवताना त्यावर हात धरून मृताचे नाव तीनदा पुटपुटायची. तिला नसलेले आवाज ऐकू येत नसत. माणसांत मात्र तिचा जीव घुसमटे, आणि ओळख जुनी झाली म्हणून ती धास्ती ओसरत नसे.

मी शहरात शिकायला गेले, पुढे तिथेच राहिले, तरी गावी आले की चर्चमध्ये भांडी घासायला उभी राहायचे. स्वयंपाकघर मार्लिसच्या ताब्यात.

"मंतरलेलं आलं गं," ती हळूच म्हणायची. "हे शवपेटीतल्यालाच वाढा."

आम्ही हसायचो. मग मी ते भांडे कचऱ्यात खरवडायचे. रविवारी मार्लिस तेच आर्डिसच्या हातात देऊन म्हणायची, "तुझं तर सगळ्यांत आधी संपलं, बाई."

पुढे आर्डिसला तिच्या बहिणीने डॉक्टरांकडे नेले. निदान झाले : स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व विकार. आर्डिसने तो कागद मला दाखवला. लक्षणांत एक ओळ होती : 'आपले अन्न लोक फेकून देतात, असा निराधार संशय.'

"कॅरल, भांडी तू घासतेस," ती म्हणाली. त्या दिवशी तिचे बोलणे सरळ होते. "कावळ्यांचं राहू दे, ते चुकत असेल माझं. एवढंच सांग, खातात का? नसतील खात, तर माझ्या डोक्यातलं एक तरी खरं निघेल. मग बाकीचं डॉक्टर म्हणतील तसं."

आमच्या गावात कुणी कुणाला तोंडावर दुखवत नाही.

"खातात की," मी म्हणाले. "उरत नाही काही."

तिने कागदाची नीट घडी घातली. "म्हणजे मीच," ती म्हणाली.

पुढच्या दफनाला आर्डिसने दोन भांडी आणली. त्यांवर हात धरला नाही, काही पुटपुटली नाही. ओट्यावर ठेवून बाहेर जाऊन बसली. मार्लिसने नजरेनेच कचऱ्याकडे खूण केली.

दोन्ही मीच खरवडली.